नकाराचं कर्म

हवाई बेटांवरच्या मौना लोआ पर्वतावर हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी मार्च १९५८ मध्ये सुरुवात केली. दरवर्षी खाली-वर होत, तरीही एकंदरीत चढतच जाणारा तो आलेख आज शाळकरी मुलांनाही माहीत असतो. पण मूळ नोंदी नीट पाहिल्या, तर १९६४ च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये खाडा दिसतो. सरकारी निधीला कात्री लागली आणि मोजणी थांबली. पुढे पैशांची सोय झाल्यावर ती पुन्हा सुरू झाली. संशोधनाला पैसे देण्या-न देण्याच्या व्यवहारात नकाराची खूण अशी डोळ्यांना दिसणं फार दुर्मीळ. एरवी ज्या कामाला पैसेच मिळाले नाहीत, त्याचा आलेखही नसतो. मग त्यातली रिकामी जागा दिसणार कुठून? वातावरणविज्ञानासाठी सार्वजनिक पैसा वाटणाऱ्या अधिकाऱ्याच्या कामातला खरा नैतिक प्रश्न मला इथे दिसतो: जे घडलंच नाही, त्याचा कर्ता कोण?

अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनमध्ये हे काम प्रोग्राम डायरेक्टर करतो. तो स्वतः शास्त्रज्ञ असतो. कित्येक जण तर विद्यापीठातून काही वर्षांपुरते येतात आणि पुन्हा आपल्या प्रयोगशाळेत परततात. आलेले प्रस्ताव तो बाहेरच्या तज्ज्ञांकडे पाठवतो. ते ‘उत्कृष्ट’पासून ‘निकृष्ट’पर्यंत पाचांपैकी एक श्रेणी देतात, पॅनेल चर्चा करतं, पण या सगळ्यांचं मत हा सल्लाच असतो. शिफारस प्रोग्राम डायरेक्टरने करायची असते, आणि ती गुणांच्या सरासरीला बांधलेली नसते. आता अशी एक फाइल डोळ्यांपुढे आणा, जिच्यात दोन परीक्षकांनी ‘उत्कृष्ट’ म्हटलंय आणि तिसऱ्याने लिहिलंय, ‘यात नवा प्रश्न नाही, हे नुसतं मोजमाप आहे.’ वातावरणविज्ञानात हा शेरा सगळ्यांत घातक, असं माझं मत आहे. रसायनाचा हुकलेला प्रयोग पुढच्या वर्षी करता येतो; यंदाची हवा पुढच्या वर्षी मोजता येत नाही. अंटार्क्टिकावरच्या हॅली बे इथे ब्रिटिशांनी ओझोन मोजायला १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरुवात केली, तेव्हा फ्रिज आणि स्प्रेच्या डब्यांतल्या वायूंचा संशय कुणाच्याही मनात नव्हता. तो शास्त्रीय शोधनिबंधात आला १९७४ साली. ऑक्टोबरमधला ओझोन सुमारे ३०० डॉब्सन एककांवरून २०० च्याही खाली गेल्याचं फार्मन, गार्डिनर आणि शँकलिन यांनी १९८५ मध्ये दाखवून दिलं, ते पाठीशी तीन दशकांचं ‘नुसतं मोजमाप’ होतं म्हणून.

आपल्याकडे या पेचावर गीतेतलं एक तयार उत्तर आहे: कर्म करावं, फळाची आस धरू नये. अधिकाऱ्याच्या तोंडी ते फार सोयीचं ठरतं. नियमाप्रमाणे निर्णय दिला, पुढचं पुढे. पण त्याच गीतेच्या चौथ्या अध्यायात अकर्मातही कर्म पाहणाऱ्याला बुद्धिमान म्हटलं आहे, आणि हे सांगायला लोक सहसा विसरतात. नकार म्हणजे हात आखडून बसणं नव्हे. ती केलेली कृती आहे. सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाची लक्षणं येतात: देश, काळ, पात्र पाहून दिलेलं आणि परतफेडीची अपेक्षा नसलेलं. ती वाचताना वाटतं, हेच तर अनुदान. तरी माझ्या मते ही तुलना एका जागी अडते. दाता स्वतःचं देतो. त्याने दिलं नाही तर पुण्य हुकेल, पण त्याने कुणाचं काही काढून घेतलं असं होत नाही. प्रोग्राम डायरेक्टर विश्वस्त आहे. देताना पुण्य त्याचं नाही, आणि नाकारताना मात्र तो दुसऱ्यांच्या पैशांनी, दुसऱ्यांच्या वतीने निर्णय घेत असतो. हे दुसरे कोण, तेही नेमकं सांगता येत नाही. १९९९ च्या इंडोएक्स मोहिमेत वीरभद्रन रामनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिंदी महासागरावरच्या धुरकट थराचा अभ्यास केला, त्यात अमेरिकी करदात्याचा पैसा होता. त्या धुरात श्वास घेणाऱ्या आपल्या लोकांनी कुठलाही अर्ज केलेला नव्हता.

यावर पहिला आक्षेप असा की पैसाच मर्यादित आहे, तेव्हा दोष परिस्थितीचा. हे अर्धंच खरं. कुणाला तरी ‘नाही’ म्हणावं लागणार, एवढंच टंचाईने सिद्ध होतं. नेमकं यालाच का, हे तिने ठरत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. फळ आधी कळूच शकत नसेल, तर जबाबदारी तरी कशाची? एडवर्ड लॉरेन्झ यांचा १९६३ चा शोधनिबंध पाहा. त्याला अमेरिकी हवाई दलाच्या संशोधन केंद्राचा पैसा होता, आणि त्यामागचं काम संख्याशास्त्रीय पद्धतीने हवामानाचा अंदाज कितपत वर्तवता येईल हे तपासण्यातून आलं होतं. हाती लागलं ते वेगळंच: सुरुवातीच्या अगदी सूक्ष्म फरकाने पुढचं सगळं हवामान बदलू शकतं. पैसे मंजूर करणाऱ्याला याचं श्रेय देणं हास्यास्पद होईल. मग अशाच एखाद्या प्रस्तावाला नकार देणाऱ्याला दोष का द्यावा? माझं उत्तर असं की जबाबदारी फळाची नसतेच, ती अवधानाची असते. प्रस्ताव नीट वाचला का, तिसऱ्या परीक्षकाचा शेरा तपासला का, आज न झाल्यास हे काम उद्या होऊ शकेल का हा प्रश्न विचारला का, एवढ्याबद्दल माणसाला जाब विचारता येतो. निष्काम होणं म्हणजे बेफिकीर होणं, असा अर्थ काढणाऱ्यांनी गीतेवर फार अन्याय केला आहे.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत प्रामाणिक वाटतो: माणसाच्या विवेकावर एवढा भार टाकूच नका, चिठ्ठ्या टाका. त्याला आधार आहे. स्टीफन कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फाउंडेशनकडे आलेले १५० प्रस्ताव नव्या परीक्षकांना दाखवले, तेव्हा प्रस्तावाचं भवितव्य जवळपास निम्मं नशिबावर, म्हणजे परीक्षक कोण मिळाले यावर, अवलंबून असल्याचं १९८१ मध्ये त्यांना आढळलं. न्यूझीलंडमध्ये आरोग्य संशोधनाच्या काही अनुदानांसाठी खरोखरच सोडत काढतात. तुल्यबळ प्रस्तावांत खोटी क्रमवारी लावण्यापेक्षा सोडत बरी, हे मी मान्य करतो. पण कोकणात देवाला कौल लावणाऱ्याची श्रद्धा असते की पलीकडे कुणीतरी ऐकतंय आणि उत्तर देतंय. सोडतीत पलीकडे कुणीच नसतं. शिवाय कुणाच्या चिठ्ठ्या टाकायच्या हे आधी माणसालाच ठरवावं लागतं. आणि सोडतीला स्मरण नसतं: सलग वीस वर्षं चालायला हवी अशी नोंद दर तीन वर्षांनी चिठ्ठीवर सोपवली, तर तिच्यात खाडे पडणारच.

नाकारलेले प्रस्ताव फाउंडेशन जाहीर करत नाही, आणि ते रास्तच आहे. एखाद्याची न फुललेली कल्पना चव्हाट्यावर का आणावी? पण त्यामुळे या नकारांचा हिशेब बाहेरच्या सर्वसामान्य माणसाला मागता येत नाही. तो मागता येतो मुख्यतः आतून. म्हणून मंजुरीची कारणं लिहायला जेवढी मेहनत लागते, तेवढीच नकाराच्या टिपणावर घ्यायला हवी: पैसे नव्हते म्हणून नाही, की काम कच्चं होतं म्हणून नाही, की परीक्षकांना त्यात नवं काही दिसलं नाही म्हणून नाही. ही तीन कारणं एकाच मोघम वाक्यात गुंडाळली, तर दोन वर्षांनी त्या खुर्चीवर येणाऱ्या माणसाला पुन्हा आलेला तोच प्रस्ताव कोणत्या नजरेने वाचायचा, हे कळणार नाही.