आवरावे ते आधी आपले

घर झाडण्या-आवरण्याचा विषय वारकरी मंडळींपुढे काढला की एक शंका हमखास निघते. "महाराज, घर काय, आज आहे उद्या नाही. मग त्याला रंग द्या, त्याची मांडणी करा, हा खटाटोप कशाला? हा प्रपंचच की!" ही शंका वरवरची नाही. श्रीमद्भगवद्गीतेच्या १३ व्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगितली आहेत. त्यांत शौच, म्हणजे शुचिता, हे एक लक्षण आहे. आणि त्याच मालिकेत पुढे पुत्र, दारा, गृह ह्यांत गुंतून न राहणे हेही एक लक्षण आहे. एकाच माळेतले हे दोन मणी. शुचिता राखा म्हणणारे शास्त्रच घरात गुंतू नका असे म्हणते. मग गृहस्थाने करावे तरी काय?

माउलींनी ज्ञानेश्वरीत ह्या दोन्ही लक्षणांचा विस्तार केला आहे. शुचितेला त्यांनी कापराचा दृष्टान्त दिला. कापूर आत एक आणि बाहेर एक नसतो. घराविषयी मात्र ते सांगतात की, वाटेने जाताना लागलेल्या झाडाच्या सावलीइतकीही त्याची आस्था नसावी. आमच्या अल्पमतीला वाटते, ह्या सावलीतच शंकेचे उत्तर आहे. वाटसरू झाडाखाली टेकतो तेव्हा काय करतो? आधी खडे-काटे बाजूला सारतो, बसण्यापुरती जागा झाडतो, गाठोडे एका अंगाला ठेवतो, दुसरा कोणी आला तर त्याला सरकून जागा देतो. पण तो झाडाला कुंपण घालीत नाही आणि पाने गोळा करून बरोबर नेत नाही. झाडणे निराळे आणि गुंतणे निराळे. किंबहुना अडगळीत बसणाराच जास्त गुंतलेला असतो, कारण त्याच्याने काही सुटतच नाही.

वारकऱ्याला हे नव्याने शिकवावे लागत नाही. आळंदीहून पंढरपूरपर्यंत अडीचशे किलोमीटरांच्या आसपास वाट. त्या वाटेवर माणसाजवळ असते काय? एक वळकटी, दोन जोड कपडे, टाळ, पोथी, ताट-वाटी आणि पाण्याचे भांडे. दिंडीच्या मुक्कामावर राहुटी उभी राहते आणि पहाटे अंधारातच ती उतरवून बांधली जाते. कोणती पिशवी कोणत्या कोपऱ्यात, पातेल्यात कोणते पातेले बसते, हे ठरलेले असते. नाहीतर चाल वेळेवर निघायची नाही. दोन-अडीच आठवडे एवढ्यावर आनंदाने भागते. आणि तोच माणूस घरी येतो तेव्हा माळा फुटलेल्या घमेल्यांनी भरलेला, खाटेखाली जोड नसलेल्या वहाणा, खुंटीवर एकावर एक पाच सदरे! वारीत जे कळले ते उंबरठ्याच्या आत का येत नाही, हा आमचा प्रश्न आहे.

आपल्या मराठीत 'आवरणे' हा मोठा मार्मिक शब्द आहे. घर आवरतात तसा राग आवरतात, हात आवरतात, जीभही आवरतात. पसारा नीट लावणे आणि स्वतःला लगाम घालणे ह्या दोन्हींना भाषेने एकच शब्द दिला. म्हणून घर आवरण्याची सुरुवात बाजारात जाऊन होत नाही. हल्ली घर नीटनेटके करायचे म्हणून आधी प्लास्टिकचे डबे, खण आणि कपाटे विकत आणतात. पसारा डब्यात गेला, डबा कपाटात गेला, पसारा तेवढाच राहिला. वर पैसे गेले ते गेलेच. ह्याला आवरणे म्हणत नाहीत. हे नुसते झाकणे झाले.

खर्चाशिवाय काय होते ते पाहा. एका दिवशी एकच जागा धरावी. सगळे घर एकदम उपसू नये, नाहीतर रात्री निजायला जागा उरत नाही. एक फडताळ रिकामे करावे, पुसावे, उन्हे लागू द्यावी, आणि जे रोज लागते ते हाताच्या उंचीवर ठेवावे. गाद्या-गोधड्या आठवड्यातून एकदा कडक उन्हात टाकाव्या. त्याने दमटपणा जातो आणि कुबट वासही. खिडकीपुढे रचलेल्या पेट्या हलवाव्या. कोंदट खोलीत खोकल्या-दम्याचा त्रास वाढतो आणि क्षयासारखा हवेतून पसरणारा रोग बंद खोलीत लवकर पसरतो, हे आता सर्वमान्य आहे. खिडकी उघडण्याला पैसा पडत नाही. भिंतींना विरवलेला चुना फडक्याने गाळून, थोडा डिंक घालून द्यावा. अंधारी खोली उजळते आणि बुरशीलाही आळा बसतो. चुना भिजवताना तेवढे डोळे जपावे आणि मुलांना दूर ठेवावे. परसातल्या करवंट्या, फुटके डबे आणि जुने टायर काढून टाकावे. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून पाण्याची पिंपे-हंडे आठवड्यातून एक दिवस रिकामे करून घासून कोरडे करावे. घरात म्हातारे माणूस असेल तर त्याच्या खाटेपासून मोरीपर्यंतची वाट मोकळी ठेवावी. रात्री पाय अडकून पडले आणि मांडीचे हाड मोडले तर त्या देहाची वारी तिथेच थांबते.

हे झाले हाताचे काम. खरा प्रश्न पुढेच आहे. टाकायचे काय, आणि ते ठरवायचे कोणी?

एका घरची हकीकत आमच्या कानावर आली. दिवाळीपूर्वी शहरातला मुलगा गावी आला. घराची अवस्था पाहून त्याने दोन दिवसांत सगळे घर उपसले. हेतू चांगला, मेहनतही खरी. आई त्या वेळी लेकीकडे गेली होती. परतली तो घर लखलखीत. पण कोपऱ्यातली तिची पत्र्याची पेटी नव्हती. पेटीत होते काय? मालकांचा विटलेला फेटा, दोरी तुटलेले टाळ आणि पाने सुटलेली हरिपाठाची पोथी. भंगारात त्याचे मोल दहा रुपयेही आले नसते. माउली बोलली काहीच नाही. पण त्या स्वच्छ घरात तिला बसायला जागा सापडेना. "आता हे घर पाहुण्यांचे वाटते," एवढेच ती शेजारणीला म्हणाली.

कोणी म्हणेल, ही आसक्तीच नाही का? मुलाने आईला मोहातून सोडवले, त्यात बिघडले काय? इथे शास्त्र नीट पाहिले पाहिजे. पातंजल योगसूत्रांत अपरिग्रह हा पाच यमांपैकी एक आहे, आणि यम हे साधकाने स्वतःवर घालून घ्यायचे बंधन आहे. त्याच पाचांत अस्तेयही आहे, म्हणजे दुसऱ्याचे न घेणे. आणि त्या सर्वांच्या अग्रभागी अहिंसा आहे. दुसऱ्याची पेटी त्याला न विचारता रिकामी करणाऱ्याने अपरिग्रहाच्या नावाने अस्तेय मोडले आणि अहिंसाही मोडली. आपण आपले टाकले तर तो त्याग. दुसऱ्याचे टाकले तर त्याला त्याग म्हणता येत नाही. आईचा मोह सुटायचा असेल तर तो तिच्या हातून, तिच्या वेळेने सुटावा. मुलाने फार तर पेटी पुसावी, पोथीला नवा बासना शिवून द्यावा, टाळांना दोरी ओवावी आणि विचारावे, "आई, हे कुठे ठेवू?" ह्या एका प्रश्नात घर आवरण्याचा सगळा धर्म आला.

मग आपले कोणते टाकावे? आम्ही तीन प्रश्न सांगतो. वर्षभरात हे वापरले का? नसेल तर ह्याच्याशी कोणाची आठवण बांधलेली आहे का? तेही नसेल तर हे आज कोणाच्या उपयोगी पडेल? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले की ती वस्तू त्याच आठवड्यात त्याच्या हाती पोचवावी. मात्र देताना धुऊन, बटण लावून, घडी करून द्यावी. फाटका सदरा दुसऱ्याच्या दारात टाकणे हे दान नव्हे; तो केवळ आपला केर त्याच्या घरी लोटणे आहे. फाटक्याची गोधडी होते, फरशी पुसायचे फडके होते. बायाबापड्यांना हे आमच्यापेक्षा जास्त कळते.

आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. ज्याच्या घरी पैसा आहे त्याला टाकणे सोपे असते. लागलेच तर तो पुन्हा विकत आणील. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे राहतात, तिथली बाई सुतळीचा तुकडा आणि रिकामा डबा जपून ठेवते, तो हावरटपणा नव्हे. उद्याची तजवीज ती अशीच करू शकते. तिच्या घरी जाऊन अपरिग्रहावर कीर्तन करणे आम्हांला तरी शोभणार नाही. तिथे एवढेच पाहावे की मुलाला पाटी-पुस्तकासाठी एक कोपरा मिळाला का, म्हाताऱ्याला भिंतीला टेकून हरिपाठ म्हणायला जागा राहिली का, आणि त्या बाईला स्वतःला घटकाभर पाठ टेकता येते का. घर आवरण्याचे माप हेच. वस्तूंनी अडवलेली जागा माणसांना परत मिळाली, तर घर आवरले.

शेवटी, हे काम करायचे कोणी? बहुतेक घरांत झाडू एकाच हातात दिलेला असतो आणि बाकीचे पाय वर घेऊन बसतात. संत गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) गावोगाव आधी खराट्याने रस्ते झाडले आणि मग रात्री कीर्तन केले. जनाबाईच्या झाडलोटीला साक्षात पांडुरंग धावून येतो, असे आपली परंपरा सांगते. देवाला ज्या कामाची लाज वाटली नाही, ते करायला घरच्या पुरुषमाणसाने का लाजावे?

तेव्हा मंडळी, आधी स्वतःची पेटी उघडावी, आपल्या खुंटीवरचे पाच सदरे उतरवावे. दुसऱ्याच्या पेटीपाशी आलो की हात आवरावा आणि विचारावे. एवढे ज्याला साधले त्याचे घर झाडाच्या सावलीसारखे झाले. आल्यागेल्याला निवारा मिळाला आणि बसणाऱ्याच्या पायात बेडीही पडली नाही. रामकृष्णहरि.