घोड्याचा रविवार



सुट्टी लागली की आपल्यातील अनेक कुटुंबे माथेरानला जातात. दस्तुरी नाक्यापुढे पर्यटकांच्या मोटारींना मज्जाव असल्याने मुले हट्टाने घोड्यावर बसतात. गर्दी सर्वांत जास्त शनिवार-रविवारी. म्हणजे आपल्या विसाव्याचा दिवस हा तिथल्या घोड्याच्या सर्वाधिक कष्टाचा दिवस. शब्बाथाच्या आज्ञेत मात्र मुलगा, मुलगी, दास, दासी यांच्यासोबत गुराढोरांनाही विसावा सांगितला आहे.

घोडा थकला तर विसाव्याने सावरतो. पण खोगिराने पाठ सोलली असेल किंवा तो लंगडत असेल, तर विश्रांती हाच अर्धा उपचार असतो. घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे साधी वाटणारी पोटदुखीही जिवावर बेतू शकते. पाय मोडला तर माणसासारखे त्याला महिनाभर आडवे ठेवता येत नाही. स्वतःच्याच वजनाने त्याचे स्नायू व फुप्फुसे दबतात. म्हणून दुखणे लहान असतानाच त्याला थांबवावे लागते. पण घोडा थांबला की घोडेवाल्याची मिळकत थांबते, चंदीचा खर्च थांबत नाही.

मग घोड्याची काळजी घेण्याचे कर्तव्य कोणाचे? ‘ज्याचा घोडा त्याने पाहावे’ असे आपण सहज म्हणतो.

संत थॉमस अक्वायनस यांच्या मते, जनावराशी क्रूरपणे वागणारा माणूस माणसांशीही तसाच वागू लागतो, म्हणून क्रूरता टाळावी. हे खरे आहे; पण पवित्र शास्त्र आणखी पुढे जाते. निर्गमाच्या २३व्या अध्यायात, शत्रूचे गाढव ओझ्याखाली पडलेले दिसले तर त्याला मदत केल्याविना पुढे जाऊ नये, अशी आज्ञा आहे. ती आज्ञा वाटेने जाणाऱ्याला आहे आणि गाढव त्याचे नाही. ज्याने पाहिले, तो बांधला गेला. मग जो घोड्याच्या पाठीवर बसला, तो किती बांधला गेला असेल!

आपल्या देशाच्या कायद्यातही हा विचार आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार जखमी, अशक्त जनावराला कामाला जुंपणे हा गुन्हा आहे. दंडाधिकारी अशा जनावराला उपचारासाठी पाठवू शकतात. खर्च मालकाचा, परंतु मालक गरीब असल्यास दंडाधिकारी तो माफ करू शकतात. म्हणजे जनावरावर दया करताना गरिबाला चिरडू नये, हेही कायद्याने पाहिले आहे.

माणसे उपाशी असताना जनावरांवर पैसा का, असे कोणी विचारील. गरिबांच्या हक्काचा पैसा आधी गरिबांसाठी, असे आपले धर्मशिक्षणही सांगते. पण इथे घोडा आणि घोडेवाल्याची मुले एकाच कमाईवर जगतात. एकाला वाचवले की दुसरा वाचतो.

म्हणून पुढच्या वेळी बसण्याआधी घोड्याची पाठ व पाय पाहा. मोठ्यांनी शक्यतो चालावे. चढावर घासाघीस करू नका. घोडा लंगडत असेल तर बसू नका. पण तेवढ्यावर न थांबता, जमल्यास घोडेवाल्याच्या हातावर त्या फेरीचे पैसे ठेवा. नुसते न बसणे ही दया झाली, पण तिची किंमत एकटा तोच मोजतो.

विसावा देणारा परमेश्वर आपल्याला इतरांना विसावा देण्याची बुद्धी देवो.

आपला प्रभूठायी,
प्रमुख धर्मगुरू