संमती कोणाची?

गर्भवती स्त्रीच्या देहाविषयी अखेरचा शब्द कोणाचा असावा, हा प्रश्न वरवर पाहता वैद्यकाचा वाटतो. थोडा विचार केला की तो कायद्याचा ठरतो. आणि आणखी खोल गेले असता तो मुळात नीतीचा आहे, हे ध्यानी येते. आपल्या देवळांच्या सभामंडपांत या विषयाची चर्चा सहसा होत नाही. संकोच हे त्याचे कारण असेल. परंतु ज्या प्रश्नावर घरोघरच्या लेकीसुनांचे आयुष्य अवलंबून असते, त्याविषयी मौन बाळगणे म्हणजे धर्म पाळणे नव्हे, असे आम्हांस वाटते.

प्रथम कायदा काय सांगतो ते पाहू. इंग्रजी अमदानीतील १८६० च्या दंडसंहितेने गर्भपात हा गुन्हा ठरविला. स्त्रीचा जीव वाचविण्यासाठी सद्भावनेने केलेली कृती एवढाच काय तो अपवाद होता. त्यामुळे गर्भपात थांबले नाहीत. ते अंधारात गेले, आणि त्या अंधारात असंख्य स्त्रिया दगावल्या. या दुःस्थितीचा विचार करण्यासाठी १९६४ साली शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिचा अहवाल १९६६ मध्ये आला, आणि १९७१ साली संसदेने वैद्यकीय गर्भपाताचा कायदा संमत केला. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते. वीस ते चोवीस आठवड्यांच्या दरम्यान, नियमांत सांगितलेल्या स्त्रियांपुरते, दोघांचे मत लागते. आणि गर्भात गंभीर व्यंग असल्यास त्यापुढील निर्णय वैद्यकीय मंडळ देते. तथापि मूळ गुन्हा नाहीसा झालेला नाही; भारतीय न्याय संहितेच्या अठ्ठ्याऐंशीव्या कलमात तो आजही आहे. म्हणजे आपल्या कायद्याने स्त्रीला सरसकट हक्क दिलेला नसून डॉक्टरला अटींवर मोकळीक दिली आहे.

असे असूनही एका बाबतीत हा कायदा निःसंदिग्ध आहे. स्त्री सज्ञान असेल व मनोरुग्ण नसेल, तर संमती तिची, आणि केवळ तिचीच. पतीची सही कायद्याने कोठेही मागितलेली नाही. पण व्यवहारात कित्येक दवाखाने ती मागतात. पुढे तंटा नको, ही डॉक्टरांची भीती आम्ही समजू शकतो. परंतु भीतीपोटी पडलेल्या रिवाजाला कायद्याचे बळ येत नाही. न्यायालयांचे शब्दही कधी कधी संभ्रमात टाकणारे असतात. वैद्यकीय कारणाविना, अथवा पतीच्या संमतीवाचून वा त्याच्या नकळत केलेला गर्भपात मानसिक क्रूरतेत मोडू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली घटस्फोटाच्या एका खटल्यात म्हटले. उलट, आपल्याला न विचारता गर्भपात केला म्हणून पत्नी व डॉक्टर यांच्याकडे नुकसानभरपाई मागणाऱ्या एका पतीचा दावा पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने २०११ साली फेटाळला, आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला.

येथे आमचे वाचक विचारतील : शास्त्रांनी भ्रूणहत्या महापातक मानली, त्याचे काय? गर्भ एकट्या आईचा असतो काय? हे प्रश्न गंभीर आहेत, आणि आम्ही ते उडवून लावू इच्छीत नाही. गर्भाचे मोल आम्हांसही मान्य आहे. पण ज्या परंपरेने भ्रूणहत्या निंद्य मानली, त्याच परंपरेतील सुश्रुतसंहितेत मूढगर्भाच्या चिकित्सेला स्वतंत्र अध्याय दिला आहे, आणि आईचा जीव राखण्याची चिंता त्यात स्पष्ट दिसते. शिवाय, स्त्रीची संमती म्हणजे गर्भाचा नाश, हे समीकरणच चुकीचे आहे. चंडीगडच्या एका सरकारी संस्थेतील मतिमंद मुलीवर बलात्कार होऊन ती गर्भवती राहिली. उच्च न्यायालयाने गर्भपाताचा आदेश दिला. पण तिला मूल हवे होते. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि मूल होऊ द्यावे की न द्यावे हा निर्णय घटनेच्या एकविसाव्या कलमातील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असे म्हटले. तेथे संमतीच्या तत्त्वानेच गर्भ राखला. उलटपक्षी, २०२३ साली सव्वीस आठवड्यांच्या गर्भवतीला त्याच न्यायालयाने परवानगी नाकारली. चोवीस आठवड्यांची मर्यादा उलटली होती, आणि आईच्या जिवाला धोका वा गर्भात व्यंग नव्हते. म्हणजे गर्भाचे मोल कायदाही विसरलेला नाही.

खरी मेख आहे ती आपल्या वागण्यात. १८६३ साली जोतीराव फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, आणि पुढे पंढरपुरासही तसा आश्रम निघाला. का? विधवेने पुन्हा विवाह करू नये हे समाजाने ठरविले, आणि त्यातून उद्भवलेला भोग तिच्या एकटीच्या माथी मारला. निर्णय आमचा, फळ तिचे! ही रीत पुरती गेली असे म्हणवत नाही. जी घरे भ्रूणहत्येचे पाप सांगतात, त्यांतील काहींनी पोटी मुलगी आहे असे कळताच सुनेला गुपचूप दवाखान्यात नेले. म्हणून तर महाराष्ट्राला १९८८ साली आणि संसदेला १९९४ साली गर्भलिंगचिकित्सेविरुद्ध कायदे करावे लागले. जी स्त्री 'नको' म्हणू शकत नाही, तिच्या 'हो'ला संमती म्हणता येत नाही.

पूजेत यजमान संकल्पाचे उदक सोडतो तेव्हा पत्नी त्याच्या हाताला हात लावते. संकल्प कर्त्याचा, साथ सहचरीची. गर्भारपणात मात्र हे नाते उलटते. नऊ महिने देह झिजतो तो तिचा, जीव टांगणीला लागतो तो तिचा. तेव्हा संकल्पही तिचाच असला पाहिजे. पतीने हात लावावा, तिचा हात धरून ओढू नये. सासूने सल्ला द्यावा, वैद्याने धोका सांगावा, पुरोहिताला शास्त्रार्थ विचारला तर त्याने तो सांगावा. पण सल्ला आणि आज्ञा यांतील सीमा कोणीही ओलांडू नये.

निर्णय कोणी घ्यावा हे कायदा सांगतो. तो कसा घ्यावा हे धर्म सांगतो. धर्माचे हे सांगणे ऐकावयास ती स्त्री प्रथम मोकळी असली पाहिजे, कारण सक्तीने करवून घेतलेले पुण्य करणाऱ्याच्याही खाती जमा होत नाही, आणि करविणाऱ्याच्या तर मुळीच नाही.