गाईचे दात, गाडीचा दांडा



आपल्या धर्मग्रामातील ती जुनी निळी फोक्सवॅगन बीटल तुम्हां सर्वांच्या ओळखीची आहे. तुमच्यापैकी कितीतरी जणी लग्नाच्या दिवशी तिच्यात बसून चर्चच्या दारापर्यंत आल्या आहेत. तिचे मालक आज हयात नाहीत. त्यांचे दोघे मुलगे ती सांभाळतात आणि वडिलांची रीत पुढे चालवून लग्नघरांना ती एक पैसाही न घेता देतात. गेल्या मे महिन्यात एका लग्नाच्याच दिवशी तिच्या हँडब्रेकचा दांडा मुळाशी तुटला. तो बदलावा की जोडून घ्यावा ह्यावरून दोघा भावांत वाद झाला आणि एका रविवारी मिस्सानंतर ते तो वाद घेऊन आमच्याकडे आले. दोघांची परवानगी घेऊनच आम्ही येथे लिहीत आहोत.

थोरल्याचे म्हणणे असे, "फादर, ह्या दांड्यावर पप्पांचा हात चाळीस वर्षं होता. तोच काढून टाकला तर गाडीत पप्पांचं राहिलं काय?" दांडा वेल्डिंग करून घ्यावा, काळा रंग मारावा, बुडाशी रबरी टोपण चढवावे म्हणजे जोड कुणाला दिसणारही नाही, असा त्याचा बेत होता. धाकट्याला नवा दांडा मागवायचा होता. बीटलचे सुटे भाग अजून बनतात. मेक्सिकोतील पुएब्ला येथे 30 जुलै 2003 रोजी शेवटची बीटल बाहेर पडली, तोवर त्या मॉडेलच्या 2 कोटी 15 लाखांहून अधिक गाड्या जगात आल्या होत्या, त्यामुळे भाग मिळण्याची अडचण फारशी नाही. "जुना भंगारात द्या," असे धाकटा म्हणाला. रागाच्या भरात तो आणखीही काही बोलला, ते आम्ही लिहीत नाही.

प्रश्न तसा लहान वाटतो. परंतु सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ज्या प्रश्नाने आम्हांला रात्री जागवले, तोच येथे रबरी टोपणाखाली दडलेला होता. प्लुटार्कने लिहिले आहे की, थिसियसचे तीस वल्ह्यांचे जहाज अथेन्सच्या लोकांनी जपून ठेवले. फळी कुजली की ते ती काढीत आणि नवी बसवीत. पुढे तत्त्वज्ञ वाद घालू लागले, हे तेच जहाज की दुसरे? सतराव्या शतकात हॉब्जने त्यात भर घातली. काढलेल्या जुन्या फळ्या कुणी गोळा करून त्याच क्रमाने पुन्हा जोडल्या तर खरे जहाज कोणते?

मोटारींच्या बाबतीत हा प्रश्न नुसता वर्गात राहिलेला नाही. बेंटली कंपनीची 'ओल्ड नंबर वन' ही शर्यतीची गाडी 1929 आणि 1930 अशी लागोपाठ दोन वर्षे ल मॉंची चोवीस तासांची शर्यत जिंकली. पुढे तिच्यात बदल होत गेले. 1932 साली ब्रुकलँड्सच्या शर्यतीत तिला अपघात होऊन चालक मरण पावला आणि नंतर ती पुन्हा बांधण्यात आली. अनेक वर्षांनी एक कोटी पौंडांना तिचा सौदा ठरला, तेव्हा घेणारा म्हणाला, ही ती गाडीच नव्हे, हिच्यात 1929 चे जवळजवळ काहीच उरलेले नाही. प्रकरण कोर्टात गेले. 1990 साली न्यायमूर्ती ऑटन ह्यांनी निकाल दिला. गाडीला 'मूळ' म्हणता येणार नाही, पण तिचा इतिहास कुठे तुटलेला नाही. ती एकामागून एक बदल सोशीत त्याच नावाने जगली, म्हणून ती अस्सल आहे.

थोरल्याला आम्ही हे सांगितले तेव्हा त्याला बरे वाटले. एवढी मोठी गाडी जवळजवळ सगळी बदलूनही तीच राहू शकते, तर एका दांड्याने पप्पांची गाडी परकी कशी होईल? तरीही त्याची मान पुरती हलली नाही. ते आम्हांला समजले. इंग्लंडच्या न्यायाधीशाने गाडीविषयी निकाल दिला होता, आणि ह्याला सोडवत नव्हता तो वडिलांचा हात.

आता हा दांडा काम कसा करतो ते सांगणे भाग आहे. पायाचा ब्रेक तेलाच्या दाबावर चारही चाकांना लागतो. हँडब्रेक त्याहून वेगळा. दांडा म्हणजे दोन सीटांच्या मधोमध बसवलेली एक तरफ. तिच्या बुडाला दोन तारा अडकवलेल्या असतात आणि त्या गाडीच्या पोटातून मागच्या दोन चाकांपर्यंत जातात. दांडा ओढला की आतली खिटी एका दातेरी पट्टीवर 'कट कट' करीत पुढे सरकते आणि हात सोडला तरी दात्यात अडकून राहते. टोकाचे बटण दाबले की खिटी सुटते. म्हणजे उतारावर उभ्या असलेल्या गाडीचा सारा ओढा त्या एका दात्यावर आणि दांड्याच्या त्याच मुळावर येतो, जेथे हा दांडा तुटला होता. तेथील पत्रा जाड नाही. वेल्डिंगच्या आचेने जोडाशेजारचा भाग कमजोर पडू शकतो, आणि वर रंग व रबर चढले की आत तडा वाढतो आहे का हे कुणाला कळणार?

ॲरिस्टॉटलने आत्म्याविषयीच्या ग्रंथात कुऱ्हाडीचा दाखला दिला आहे. तोडण्याची शक्ती हेच कुऱ्हाडीचे कुऱ्हाडपण. ते गेले तर तिला कुऱ्हाड म्हणायचे ते नावापुरते. दगडात कोरलेल्या डोळ्याविषयीही तो असेच म्हणतो. पंचविशीत हे वाचताना आम्हांला तो शब्दांचा खेळ वाटला होता. त्या रविवारी टेबलावर तो तुटका दांडा ठेवलेला पाहताना तसे वाटले नाही. धरून न ठेवणारा हँडब्रेक हा नावापुरताच हँडब्रेक. त्यावर प्रेमाचा हात कितीही वर्षे फिरला असला तरी त्या प्रेमाने चाक थांबत नाही.

थोरल्याने मग शेवटचा मुद्दा काढला, आणि आमच्या मते तोच सर्वांत विचार करण्यासारखा होता. तो म्हणाला, "फादर, आम्ही भाडं घेत नाही. गाडी फुकट देतो. गिअरमध्ये टाकून उभी करतो. इतकी वर्षं काही झालं नाही. उपकारच करतो ना लोकांवर?"

संत थॉमस अक्वायनस ह्यांनी विक्रेत्याच्या कर्तव्याविषयी लिहिले आहे. एक डोळा नसलेला घोडा विकताना विक्रेता त्याविषयी गप्प राहिला तरी चालेल, कारण ते व्यंग समोर दिसते. पण जे व्यंग दिसत नाही आणि ज्यामुळे घेणाऱ्याला धोका किंवा नुकसान पोचते, ते त्याने सांगितलेच पाहिजे. पडायला आलेले घर मजबूत म्हणून विकणे हा अन्याय आहे. रंगाखालचा जोड दुसऱ्या प्रकारात मोडतो ह्याविषयी आम्हांला शंका वाटत नाही. पण हे झाले विकणाऱ्याचे. फुकट देणाऱ्याचे काय?

आपल्याकडे म्हणतात, दान दिलेल्या गाईचे दात मोजू नयेत. म्हण घेणाऱ्यासाठी आहे आणि ती योग्यच आहे. भाड्याची गाडी घेणारा माणूस टायर पाहतो, ब्रेक विचारतो, कटकट करतो. तुमची बीटल घेणारा नवरीचा बाप नुसते हात जोडतो, त्याला काही विचारण्याची चोरी होते. मग त्या गाईचे दात मोजायचे कुणी? आम्ही थोरल्याला एवढेच म्हटले, पैसे घेतले असतेस तर निम्मी तपासणी घेणाऱ्याने केली असती. घेत नाहीस, म्हणून ती सगळी तुझ्यावर आली.

हे सांगताना आम्हांला आमचीही लाज वाटत होती, ते लपवून उपयोग नाही. चर्चसमोरचा उतार तुम्हांला ठाऊक आहे. लग्न लागले की मुले तेथेच गाडीच्या मागे फुगे ओढीत खेळतात. दोन वर्षांपासून आम्ही पाहत होतो की, गाडी उभी केली की कुणीतरी मागच्या चाकाखाली दगड सरकवतो. दगड कशासाठी हे न कळण्याइतके आम्ही भोळे नाही. विचारले मात्र नाही. लग्नाची गडबड, समोर फोटोग्राफर, आणि एवढ्या चांगल्या घराण्याला कशाला बोला, असे मनात आले. ज्या दिवशी दांडा तुटला त्या दिवशी गाडी उभी असताना मागे कुणी मूल नव्हते. तो योगायोग होता. त्याचे श्रेय आम्हांला नाही, थोरल्यालाही नाही.

नवा दांडा आला त्या शनिवारी धाकट्याने आम्हांला गॅरेजमध्ये बोलावले. मेकॅनिकने तारांच्या टोकांचे नट सोडवले, दांड्याची खीळ काढली आणि जुना दांडा मागे सरकवून उचलला. उचलताना बटण दाबायचे नाही असे त्याने दोनदा बजावले. दाबले तर दातेरी पट्टी सुटून गाडीच्या मधल्या बोगद्यात पडते आणि मग ती शोधण्यात दिवस जातो. नवा दांडा ग्रीस लावून बसला. मागची चाके जॅकवर उचलली, दांडा दोन दाते वर ओढला आणि दोन्ही चाके हाताने सारखीच जड फिरेपर्यंत नट आवळले. मग चौथ्या दात्याला त्याने थोरल्याला हाक मारली आणि चाक फिरवून पाहायला सांगितले. थोरल्याने दोन्ही हातांनी जोर लावला. चाक हलले नाही. दुसऱ्या बाजूला जाऊन त्याने तेही ओढून पाहिले.

जुना दांडा त्याने घरी नेला आहे. वेल्डिंग नाही, रंग नाही, जसा तुटला तसाच वडिलांच्या फोटोखालच्या फळीवर ठेवला आहे. ग्रीसचा डाग पडला म्हणून घरातून थोडी तक्रार आहे असे ऐकतो. नव्या दांड्याचे बटण फार कडक आहे, पप्पांचे असे नव्हते, असेही तो आम्हांला सांगून गेला. गाडी आता पुन्हा लग्नांना मिळेल. मेकॅनिकने मात्र जाताना सांगितले की, चर्चच्या उतारावर चाकाखालचा दगड चालूच ठेवा, आणि आम्ही तो बाजूला पडलेला दगड उचलून पायरीजवळ ठेवला आहे.