दोन दिवसांचे पाहुणे

शहरांत राहणाऱ्या मनुष्यास घर कशासाठीं असतें, असें कोणी विचारलें तर तो सहज सांगेल कीं, राहण्यासाठीं. पण त्याचें पंचांग उघडून पाहिलें तर निराळेंच कांहीं दिसतें. वर्षाचे साडेतीनशें दिवस तो घरीं राहतो, ते उरलेल्या पंधरा दिवसांत घराबाहेर पडतां यावें म्हणून. आणि ते पंधरा दिवस संपले कीं पुढच्या पंधरा दिवसांचा हिशेब मांडूं लागतो. कोणी युरोपांत जाऊन दहा दिवसांत सहा देश पाहून येतो. कोणाची मजल दुबईपर्यंत पोंचते. आणि ज्यास यांतलें कांहींच साधत नाहीं, तो शनिवारीं सकाळीं कसाऱ्याची लोकल धरतो किंवा नाशिकच्या रस्त्यानें गाडी हांकतो, आणि शहापूर किंवा मुरबाड तालुक्यांत एखाद्या डोंगराच्या पायथ्याशीं दोन दिवस काढून परत येतो. आम्ही स्वतः या शेवटच्या वर्गांत मोडतों, व एकदां पहिल्या वर्गांतहि जाऊन आलों आहों. तेव्हां पुढें जें लिहिणार आहों त्यांतील दोषाचा वांटा आमच्याहि पदरीं आहे, हें आधींच कबूल करून टाकतों.

सुटीवर जाण्यांतच कांहीं पाप आहे, असें म्हणणारे नीतिशास्त्रज्ञ असतील तर त्यांचें मत आम्हांस मान्य नाहीं. जो मनुष्य आठवड्याचे सहा दिवस लोकलच्या दारांत लोंबकळतो, ज्याच्या खिडकींतून समोरच्या इमारतीची खिडकी तेवढी दिसते, त्याच्या डोळ्यांस दोन दिवस हिरवा रंग दिसावा ही इच्छा चैनीची नव्हे, आरोग्याची आहे. विश्रांति ही मनुष्याची गरज आहे, आणि गरज भागविणाऱ्यास वैराग्याचा उपदेश करणें ही पोट भरलेल्यांची खोड आहे. आमचा प्रश्न जाण्याविषयीं नाहीं. जाणारा तेथें कोणत्या नात्यानें जातो, एवढाच आहे.

युरोपांत गेलों होतों तेव्हां आमच्याच वागण्याचें आम्हांस मोठें नवल वाटलें. आमच्या मंडळींत असे एक गृहस्थ होते कीं, मुंबईंत चालत्या गाडींतून उसाचें चिपाड फेंकण्यास त्यांस कधीं संकोच वाटला नव्हता. स्वित्झर्लंडांत एका तळ्याच्या कांठीं त्यांनीं चॉकलेटाचा कागद घडी करून खिशांत घातला, आणि तो रात्रीं मुक्कामावर आल्यावर खोलींतल्या टोपलींत टाकला. आम्ही सारेच तेथें हळू बोलत होतों, रांगेंत उभे राहत होतों, कोणाच्या अंगणांत पाऊल पडूं नये म्हणून जपत होतों. दंडाच्या भीतीनें, असें कोणी म्हणेल. तें अर्धेंच खरें आहे. उरलेलें अर्धें असें कीं, हें दुसऱ्याचें घर आहे व आपण येथें चार दिवसांचे पाहुणे आहों, ही जाणीव पासपोर्टावर पहिला शिक्का बसला तेव्हांच आमच्या मनावरहि बसली होती.

तींच माणसें आषाढांत माळशेज घाटांत पाहावीं. धबधब्याखालीं ओरडा चालला आहे, गाड्यांचीं दारें उघडीं टाकून गाणीं लावलीं आहेत, रिकाम्या बाटल्या पाण्याबरोबर खालीं चालल्या आहेत. खालच्या गांवांत लावणी चालली असते. चिखलांत वांकून भाताचीं रोपें लावणाऱ्या बाईचें छायाचित्र तिला न विचारतां काढलें जातें, आणि काढणाराची गाडी तिच्याच बांधावर उभी असते. पावसाळ्यांत अशा ठिकाणीं सरकारला मनाईहुकूम काढावे लागतात, ते केवळ दरडी कोसळतात म्हणून नव्हे.

एकच मनुष्य दोन ठिकाणीं असा दोन तऱ्हांनीं कां वागतो? आमच्या मतें याचें कारण एका लहानशा शब्दांत आहे. शहापूर-मुरबाडला जातांना आपण म्हणतों, "आपलेंच तर आहे." भाषा आपली, जिल्हा आपला, लोकलचा पास आपला, मग तेथें पाहुणा होण्याची गरज काय? पण 'आपलें' या शब्दाला दोन पोटें आहेत. आईला आपण आपली म्हणतों तें एक, आणि पायांतल्या वहाणेला आपली म्हणतों तें दुसरें. शहरवासी या मुलखाला आपला म्हणतो तो बहुधा दुसऱ्या अर्थानें.

यावर एक उत्तर ठरलेलें आहे, आणि तें आम्हीं आमच्याच तोंडून अनेकदां दिलें आहे. आम्ही फुकट येत नाहीं, पैसे मोजतों, त्या पैशावर तिकडच्या चार घरांच्या चुली पेटतात. हें उत्तर उडवून लावण्यासारखें नाहीं. या भागांतील कातकरी कुटुंबें दिवाळी झाली कीं वीटभट्टीच्या मालकाकडून उचल घेऊन भिवंडी-कल्याणकडे निघतात, मुलेंबाळें, कोंबड्या, गाडगींमडकीं यांसह निघतात, आणि पावसाच्या तोंडाशीं परततात. या जाण्याला ठाणें जिल्ह्याच्या आदिवासी भागांत 'जगायला जाणें' असें म्हणतात. आम्ही शहरांतून चार श्वास मोकळे घ्यावे म्हणून ज्या गांवीं येतों, त्या गांवचा मनुष्य जगण्यासाठीं आमच्या शहराच्या वेशीवर येऊन आमच्या घरांच्या विटा थापतो. तेव्हां आमच्या दोन दिवसांच्या खर्चामुळें एखाद्या घरास जरी गांवांतच काम मिळून त्या वर्षीं भट्टीची वाट चुकली, तरी तो खर्च सार्थकीं लागला, असें आम्हीहि म्हणूं. मात्र ज्या माळावर आजा नाचणी पेरीत होता, त्याच माळाच्या फाटकावर नातू शिपायाची टोपी घालून उभा राहतो, आणि आंत जाणाऱ्या मोटारीला सलाम करतो, हेंहि त्याच व्यवहाराचें दुसरें पान आहे. हिशेब वाचणारानें दोन्ही पानें वाचावीं.

शिवाय पैशानें बिल फिटतें तें मुक्कामाच्या मालकाचें. यजमान निराळा असतो. आणि तो कोण हें समजून घेण्यासाठीं शहापुरास जाण्याचीहि गरज नाहीं; मुंबईंत घरच्या मोरींतला नळ सोडला तरी पुरे.

मुंबई शहर सात तलावांचें पाणी पितें. त्यांपैकीं विहार व तुळशी हे दोनच शहराच्या हद्दींत आहेत. १८९२ सालीं बांधून झालेलें तानसा धरण शहापूर तालुक्यांत आहे. १९८० नंतर टप्प्याटप्प्यानें ज्याचें पाणी मुंबईस मिळूं लागलें, तें भातसा धरणहि त्याच तालुक्यांतलें. आज मुंबईच्या पाण्यापैकीं जवळजवळ अर्धें एकट्या भातशाचें असतें. शहरास रोज सुमारें ३८५ कोटी लिटर पाणी मिळतें. २०२४ च्या मे महिन्याच्या अखेरीस त्यांत ५ टक्के आणि जूनच्या आरंभीं १० टक्के कपात झाली, तेव्हां घरोघर केवढी कुरकुर झाली! आमच्या घरींहि झाली. शेंकडा दहा भागांची ही कुरकुर चालली होती त्याच दिवसांत शहापूर तालुक्यांतील कित्येक गांवें व पाडे टँकरची वाट पाहत होते. हें एका सालचें नव्हे. दर उन्हाळ्यांत हेंच होतें. जेथें शंभर इंचांच्या आसपास पाऊस पडतो, जेथें दोन मोठे तलाव भरलेले दिसतात, तेथें बायका विहिरीच्या तळाशीं उतरून वाटीवाटीनें हंडा भरतात. या तहानलेल्या गांवांसाठीं जी मोठी नळयोजना आंखली गेली, तिचें पाणी तानशाचें नाहीं व भातशाचेंहि नाहीं. तें नाशिक जिल्ह्यांतील भावली धरणाचें.

आमचे एक स्नेही इंजिनियर आहेत. हा विषय निघाला कीं ते शांतपणें समजावून सांगतात कीं, यांत अन्याय कोणाचाच नाहीं. खालीं काळा कातळ आहे, पावसाचें पाणी त्यांत मुरत नाहीं, वाहून जातें. पाडे उंचावर आहेत, तलाव खालीं आहे. पाणी उताराकडे धांवतें, चढावर न्यावयाचें तर पंप पाहिजे, वीज पाहिजे, दूरदूर विखुरलेल्या पन्नास-पन्नास घरांसाठीं नळ पाहिजेत. आणि तानसा धरण बांधलें तें मुंबईच्या पैशानें. न बांधतें तर तेंच पाणी समुद्रास मिळालें असतें. समुद्रास मिळणारें पाणी आम्हीं प्यालों, तर कोणाचें काय गेलें?

या युक्तिवादांतील प्रत्येक विधान खरें आहे, आणि तरीहि ऐकून झाल्यावर मनाचें समाधान होत नाहीं. पाणी उताराकडे धांवतें हें खरें. पण भातशाचें पाणी मुंबईकडे येतांना वाटेंत पिसें येथें पंपानेंच उचलावें लागतें, तेव्हां चढ कोणासाठीं चढावा व कोणासाठीं चढूं नये, हें पाणी ठरवीत नाहीं, माणसें ठरवितात. आणि तलावाच्या तळाशीं जी जमीन गेली ती समुद्रास मिळणारी नव्हती. आम्ही मुंबईकरांस चोर म्हणत नाहीं. चोरास आपण चोरी करतों हें ठाऊक असतें. त्यापेक्षां आमची स्थिति अधिक चमत्कारिक आहे. सव्वाशें वर्षांहून अधिक काळ आम्ही एका घरीं जेवीत आहों, आणि त्या घराचें नांव आम्हांस माहीत नाहीं. जिनिव्हाच्या तळ्याची लांबीरुंदी आम्हांस सांगतां येते; तानशाच्या कांठीं कोणतीं गांवें आहेत हें सांगतां येत नाहीं.

जुन्या लोकांस हें नातें अधिक कळत असावें. मुरबाडकडून वैशाखऱ्याच्या बाजूनें नाणेघाट चढून गेलें कीं वरच्या अंगास सातवाहनांचें लेणें लागतें. नागनिका राणीच्या लेखासाठीं विद्वान लोक तेथें जातात, आणि ज्यांत जकात टाकीत असें सांगतात तो दगडी रांजण पाहण्यासाठीं बाकीचे जातात. आमचें लक्ष मात्र तेथल्या पाण्याच्या टांक्यांनीं वेधून घेतलें. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतून माल घेऊन जुन्नराकडे चढणाऱ्या वाटसरूस पाणी मिळावें म्हणून सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं कोणीतरी तो कातळ खोदला. येथें वाटसरूनें जकात द्यावी व त्यास पाणी मिळावें, असा तो सरळ व्यवहार होता. दोघांसहि आपण कोण आहों हें ठाऊक होतें. आज त्याच रांजणाशेजारीं उभे राहून आम्ही छायाचित्रें काढतों, आणि टांक्यांत वेफरच्या पिशव्या तरंगत असतात.

आतां जी गोष्ट सांगावयाची ती सांगून टाकतों. कारण हें सारें लिहिण्याचें निमित्त तीच आहे. कांहीं वर्षांपूर्वीं वैशाखांत आम्ही तिघे मित्र शहापूर तालुक्यांत एका विश्रामस्थानीं दोन दिवस राहिलों होतों. तेथें पोहण्याचा एक हौद होता, निळ्या फरशीचा, कांठोकांठ भरलेला. सकाळभर आम्ही त्यांत पोहलों. येथें विचार सुचला व आम्ही बाहेर आलों, असें लिहितां आलें असतें तर बरें झालें असतें; पण विचार सुचला नाहीं. दुपार कलल्यावर पाय मोकळे करण्यास म्हणून जंगलाच्या वाटेनें निघालों, वाट चुकलों, आणि सात-आठ घरांच्या एका पाड्यावर पोंचलों. एका घराच्या ओट्यावर एक म्हातारी बसली होती. तिनें आम्हांस बसावयास घोंगडी टाकली आणि आंत जाऊन पितळेचा तांब्या भरून आणला. गूळ नाहीं घरांत, म्हणून ती थोडी ओशाळली.

आमच्या एका मित्रानें तिला हातानें थांबविलें, आणि पिशवींतून बाटली काढून दाखविली. त्याच्या मनांत दयाच होती. विहीर किती लांब आहे हें येतांना आम्हीं पाहिलें होतें. पण पाण्याची भीतिहि होती, हें त्यानें परततांना आम्हांजवळ कबूल केलें. म्हातारीस दयाहि कळली नाहीं व भीतिहि कळली नाहीं. घरीं आलेला माणूस पाणी घेत नाहीं, एवढेंच तिला दिसलें, आणि तिचा चेहरा उतरला. म्हणून आम्हीं तो तांब्या घेतला. सबंध प्यावा तर तिच्या हंड्यांतला तेवढा भाग संपतो, आणि न प्यावा तर अपमान होतो. तेवढ्यांत तिनें विचारलें, "कुठून आलात बाबा?"

आम्हीं सांगितलें, मुंबईहून.

"लांबून आलात. तिकडं पानी येतं ना रोज?"

येतं, असें आम्हीं म्हटलें. कोठून येतें हें सांगावयाचें धैर्य तिघांपैकीं एकासहि झालें नाहीं. तिला मात्र खरोखरच बरें वाटलेलें दिसलें.

अर्धा तांब्या पिऊन आम्हीं तो खालीं ठेवला. तिनें तो उचलला. उरलेलें पाणी हंड्यांत परत ओतलें नाहीं, अंगणांत कोंबड्यांसाठीं ठेवलेल्या फुटक्या परळांत ओतलें, आणि पाड्याबाहेर पडण्याची वाट दाखविण्यासाठीं आमच्या पुढें चालूं लागली.