दोन वादळांमधला अवधी

३ जून २०२० च्या दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं आणि संध्याकाळपर्यंत श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर, मुरुड या पट्ट्यातल्या नारळ-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. टाळेबंदीचे दिवस, त्यात वीज गेली ती काही गावांत आठवडेच्या आठवडे आली नाही. पत्रे मिळेनात, कौलं मिळेनात. तरी घरं शाकारली गेली, पर्यटक परतले, आणि येणारा प्रत्येक जण जाताना ‘कोकणी माणूस मोठा चिवट’ असं म्हणून गेला.

या कौतुकात खोटं काही नाही, पण ते फार स्वस्त पडतं. घर वर्षभरात उभं राहतं. बागेचं तसं नसतं, आणि इथल्या माणसाचं पोट बागेवर.

पोफळीचं, म्हणजे सुपारीच्या झाडाचं, रोप उन्हाला भारी नाजूक. थोरल्या झाडांच्या सावलीत, त्यांच्या पायाशी वाढायची त्याची रीत. बागच झोपली की ती सावली जाते. मग आधी केळी लावायच्या, त्या वाढू द्यायच्या आणि त्यांच्या आडोशाला रोपं घालायची. तरी पश्चिमेच्या उन्हाला झावळ्या बांधाव्या लागतातच. रोपांना बी हवं ते जुन्या, पारखलेल्या झाडांच्या पिकल्या सुपारीचं, आणि तीच झाडं पडलेली. बी रुजवून रोप लावणीजोगं व्हायला वर्ष-दीड वर्ष. लावल्यावर पहिली सुपारी दिसायला पाच ते सात वर्षं, झाड भरात यायला दहाच्या आसपास. शिवाय पोफळीवर मिरीचा वेल चढवलेला असतो, मधल्या जागेत जायफळ. झाड पडताना या सगळ्यांना घेऊन पडतं. साठीच्या माणसाने आज रोप लावलं, तर त्याचं खरं उत्पन्न सत्तरीनंतर हाती येणार. तो लावतो, हे खरंच. पण त्या मधल्या वर्षांत घर कशावर चालतं, हे चिवटपणाचे गोडवे गाणारा विचारत नाही.

सरकारने विचारलं, ते आपल्या पद्धतीने. फळबागांची मदत वाढवून हेक्टरी ५० हजार रुपये केली. आकडा ऐकायला बरा वाटतो, पण कोकणातली वाडी हेक्टरात नसते, गुंठ्यांत असते. गुंठ्याला साधारण ५०० रुपये, म्हणजे दहा गुंठ्यांच्या वाडीला पाच हजार. पडलेली खोडं कापून अरुंद पाखाडीतून बाहेर काढायला तेवढी मजुरीही पुरत नाही. ओरड झाली तेव्हा झाडागणिक मदत ठरली, सुपारीला ५० आणि नारळाला २५० रुपये. झाडं मोजायची हे शहाणपण उशिरा का होईना आलं, याचं श्रेय द्यायला हवं. पण नुकती धरू लागलेली पोफळ आणि चाळीस वर्षं धरत आलेली पोफळ एकाच भावात गेली.

पुण्याची जुनी माणसं अजूनही ‘पानशेतच्या आधी’ आणि ‘पानशेतच्या नंतर’ असं बोलतात. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटून आलेल्या पुराने त्यांच्या आयुष्याचे दोन भाग केले आणि पुढची साठ वर्षं ती खूण टिकली. किनाऱ्यावर ‘वादळाच्या आधी’ म्हटलं तर समोरचा विचारेल, कुठल्या? नोव्हेंबर २००९ मध्ये फयान येऊन गेलं. मग निसर्ग. त्याला वर्षही झालं नव्हतं तोच मे २०२१ मध्ये तौक्ते. तौक्तेचा केंद्रबिंदू इथे किनाऱ्यावर आला नाही, तो वर सौराष्ट्रात गेला, पण जाता जाता सिंधुदुर्ग-रत्नागिरीचा ऐन हंगामातला आंबा झाडून नेला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या संशोधकांचा अभ्यास सांगतो की २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या आधीच्या दोन दशकांच्या मानाने ५२ टक्क्यांनी वाढली. समुद्र तापतो आहे, हे त्याचं मोठं कारण.

माझी धास्ती नेमकी इथे आहे. सावरायची ताकद माणसात कितीही असो, तिला अवधी लागतो. पणजोबांच्या पिढीत दोन मोठ्या वादळांच्या मध्ये बाग उभी राहून म्हातारी व्हायला वेळ मिळे. तो अवधी पोफळीच्या दहा वर्षांहून कमी झाला, तर पुन्हा लावायची उमेद असूनही लावण्यात अर्थ उरणार नाही. तेव्हा वाडीवाला जमीन विकेल आणि तिथे रिसॉर्ट उभं राहील. त्याला दोष देण्याचा अधिकार आपल्याला नसेल.

म्हणून मागणी साधी आहे. पंचनाम्याच्या कागदावर झाडांच्या संख्येशेजारी झाडाच्या वयाचा रकाना घाला, आणि मदत एकदाच न देता नवं झाड धरेपर्यंत दरवर्षी द्या. पुढचं वादळ यायच्या आत हा निर्णय व्हायला हवा.