गळ, बूच आणि नियत

कोणताही हुनर शिकताना चुका होतात. त्या चुकांची किंमत कोण देतो, हे मात्र आपण सहसा विचारत नाही. पाटीवर चुकलेले अक्षर ओल्या बोटाने पुसता येते. पण पाटीच जिवंत असेल तर?

सहीह मुस्लिममध्ये एक प्रसंग आला आहे. हजरत इब्ने उमर (रजि.) रस्त्याने जात असताना कुरैशांची काही तरुण मुले एक पक्षी बांधून त्याच्यावर नेमबाजी करत होती. चुकलेला प्रत्येक बाण पक्ष्याच्या मालकाला मिळायचा, असा त्यांचा करार होता. म्हणजे मालकाचेही नुकसान नव्हते आणि मुलांचा सरावही होत होता. इब्ने उमर यांना पाहताच मुले पांगली. त्यांनी मुलांना ऐकवले की, जिवंत प्राण्याला नेमबाजीचे निशाण करणाऱ्यावर पैगंबरांनी (स.) लानत केली आहे. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. तिरंदाजी शिकण्याला आपल्या दीनमध्ये उत्तेजनच आहे. शिकण्याला हरकत नव्हती, हरकत होती ती निशाण म्हणून बांधलेल्या पक्ष्याला.

हा प्रश्न मी आपल्या एखाद्या नदीकाठावरून उचलू शकलो असतो. रत्नागिरीकडचे आपले दालदी बांधव पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करत आले आहेत. पण त्यांच्या जाळ्यात आलेला मासा कुणाच्या तरी ताटात जातो, तेथे प्रश्न फारसा उरत नाही. तो खऱ्या अर्थाने उभा राहतो उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, वॉशिंग्टन, ओरेगॉन आणि कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया या भागात. तेथे तो थेट सरकारी नियमांतच येऊन बसला आहे.

तेथील नद्यांत स्टीलहेड नावाचा मासा येतो. जातीने तो रेनबो ट्राउटच. फरक एवढाच की नदीत जन्मून तो समुद्रात जातो, तेथे वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा आपल्याच नदीत परततो. सामन मासा अंडी घातल्यावर मरतो, स्टीलहेडचे तसे नाही. जगला वाचला तर तो पुन्हा समुद्रात जातो आणि पुन्हा येऊ शकतो. सूरह कहफमध्ये हजरत मूसा (अलै.) यांच्या सोबत्याने खाण्यासाठी घेतलेला मासा दोन दर्या मिळतात त्या ठिकाणी निसटून गेला. स्टीलहेडबद्दल वाचताना मला तो मासा आठवतो. याचेही सारे आयुष्य दोन पाण्यांच्या मध्ये जाते.

हा मासा गळाने धरण्याच्या अनेक पद्धती आहेत. त्यांतील एक बुचाची. वरवर पाहता ती लहान मुलाची वाटावी अशी: पाण्यावर बूच तरंगते, खाली तंगूस, तंगुसाला गळ, गळाला आमिष. बूच बुडाले की काठी उचलायची. प्रत्यक्षात हे शिकायला वर्षे लागतात, आणि त्याचे कारण नदीतच आहे. नदीचे पाणी वर वेगाने वाहते आणि तळाशी, दगडगोट्यांना घासत, सावकाश. हिवाळ्यातील थंड पाण्यात स्टीलहेड तळाजवळ पडून असतो, आमिषासाठी फार हलत नाही. म्हणून आमिष त्याच्या तोंडासमोरून न्यावे लागते, तळापासून वीतभर उंचीवर आणि तळाच्या पाण्याच्याच चालीने. पण बूच तर वरच्या वेगवान पाण्यात असते. ते पुढे पळते आणि आमिषाला ओढत नेते. मग तळातला मासा पाहतो की हे अन्न काही स्वतःहून वाहत आलेले नाही.

उपाय असा की बूच किंचित रोखून धरायचे, म्हणजे आमिष पुढे आणि बूच मागे राहते. काठी आणि बूच यांच्यामधला दोरा पाण्यावर पडू द्यायचा नाही. पडला तर उचलून प्रवाहाच्या वरच्या बाजूला ठेवायचा. तंगुसावर शिशाचे मणी लावायचे, मोठे बुचाकडे आणि लहान गळाकडे. यासाठी काठी चांगली तेरा ते पंधरा फूट लांब असते. काही जण तिला बिनगिअरची, बोटाने हलकीशी अडवायची चरखी लावतात. ही पद्धत मूळची इंग्लंडमधील नॉटिंगहॅमजवळच्या ट्रेंट नदीकाठची. आमिष म्हणून बहुधा माशाची गाबोळीच वापरतात. आपल्याकडे जी तव्यावर परततात, तीच तेथे गळाला लागते.

आता खरी गोष्ट पुढे आहे. बूच नेहमी धाडकन बुडतेच असे नाही. कधी ते नुसते अडखळते, कधी एका बाजूला कलते. गळ दगडाला घासला तरी तसेच होते. शिकाऊ माणसाला यातला फरक कळत नाही. तो थांबतो, खात्री करून घेतो, आणि तेवढ्या अवधीत मासा गाबोळी गिळतो. वेळेवर काठी उचलली तर गळ ओठात किंवा जबड्याच्या कोपऱ्यात लागतो आणि सहज निघतो. उशीर झाला तर तो घशात किंवा कल्ल्यांत जातो, आणि तेथे लागलेला गळ काढताना मासा बहुधा वाचत नाही. म्हणजे शिकणाऱ्याच्या अर्ध्या क्षणाच्या चुकीची किंमत मासा देतो.

आणि बऱ्याच वेळा हा मासा घरी न्यायचाच नसतो. ब्रिटिश कोलंबियातील नद्यांत जंगली स्टीलहेड धरला तर सोडणे बंधनकारक आहे. वॉशिंग्टनमध्ये तर तो पूर्णपणे पाण्याबाहेर काढायलाही मनाई आहे. ठेवता येतो तो उबवणी केंद्रात वाढवलेला मासा. त्याची खूण म्हणजे पाठ आणि शेपटी यांमधला छोटा मांसल पर लहानपणीच कापलेला असतो. नियमांमागचे कारण उघड आहे. हा मासा कमी होत चालला आहे. पुजेट साउंडमधील स्टीलहेड 2007 साली संकटग्रस्त म्हणून नोंदला गेला. ब्रिटिश कोलंबियाच्या थॉम्पसन नदीत, जेथे एके काळी जगभरातून लोक याच माशासाठी येत, 2017 साली परतलेल्या माशांची संख्या दोनशेच्याही आत भरली.

म्हणजे माणूस पहाटे उठतो, हाडे गोठवणाऱ्या पाण्यात कमरेपर्यंत उभा राहतो, मासा धरतो, त्याला दमवतो आणि सोडून देतो. सोडताना त्याला वाटते की आपण रहम केला. त्याच्या या समजुतीपाशी मी अडतो. जखम आपणच करायची आणि मलमाचे श्रेयही आपणच घ्यायचे, याला रहम म्हणायचे का?

माशाला वेदना होत नाहीत, असा एक युक्तिवाद पूर्वापार चालत आला आहे. 2002 साली जेम्स रोझ या अमेरिकन शास्त्रज्ञाने तो पद्धतशीर मांडला: माशाच्या मेंदूत माणसासारखे बाह्यावरण नाही, म्हणून त्याला वेदनेची जाणीवही नाही. पुढच्याच वर्षी लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमध्ये केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला, आणि तो केला होता नेमका रेनबो ट्राउटवर, म्हणजे स्टीलहेडच्याच जातीवर. माशांच्या ओठांत मधमाशीचे विष आणि ॲसेटिक ॲसिड टोचले. माशांचा श्वास वाढला. ॲसिड दिलेले मासे ओठ तळाच्या खड्यांवर घासू लागले. सुमारे तीन तास त्यांनी अन्नाला तोंड लावले नाही. याला वेदना म्हणायचे की नाही, यावर शास्त्रज्ञांचा वाद अजून संपलेला नाही. मला तो संपण्याची वाट पाहायची गरज वाटत नाही. ओठ घासणाऱ्या माशाला पाहून तो बहुधा दुखत असावा असे समजणे, यात काही गमावण्यासारखे नाही. उलटे समजण्यात मात्र आहे.

स्वित्झर्लंडने 2008 साली सरळ उत्तर दिले. सोडून देण्याच्याच इराद्याने मासा धरणे तेथील प्राणिसंरक्षण नियमांत निषिद्ध ठरले. धराल तर खाण्यासाठी धरा. अलास्कातील युपिक लोकांनाही बाहेरून येणाऱ्या हौशी लोकांची हीच गोष्ट खटकत आली आहे. मासा हे अन्न आहे आणि अन्नाशी खेळू नये, असे ते मानतात. आपल्या फकीहांपैकी अनेकांनी केवळ करमणुकीसाठी केलेली शिकार नापसंत केली आहे, तीही याच कारणाने. चिमणीला विनाकारण मारले तर ती कयामतच्या दिवशी अल्लाहसमोर फिर्याद करील, या आशयाची एक रिवायतही हदीस संग्रहांत आहे. भूक हे कारण आहे. रोजी हेही कारण आहे. कंटाळा हे कारण नाही.

पण एवढ्यावर निकाल देऊन मोकळे होणे मला जमत नाही. ओरेगॉनमधील नॉर्थ अम्क्वा या नदीला मिळणारा स्टीमबोट क्रीक नावाचा ओढा आहे. त्याच्या एका डोहात उन्हाळ्यात शेकडो स्टीलहेड गारव्याला येऊन थांबतात. पूर्वी चोर तेथे सुरुंग लावून मासे मारत. 1999 पासून बरीच वर्षे ली स्पेन्सर नावाच्या माणसाने प्रत्येक हंगामात त्या डोहाच्या काठावर बसून पहारा केला. तो स्वतः स्टीलहेडचा गळकरीच. गळ टाकणाऱ्याला नदी कळते, आणि ती कळली की तो धरणाविरुद्ध, जंगलतोडीविरुद्ध उभा राहतो. आपण पुलावरून जाताना नदीकडे पाहतही नाही. मग माशाचे जास्त वाटोळे कोण करतो, हौशी गळकरी की आपण, हा प्रश्न टाळता येणार नाही. तरीही प्रेम करतो म्हणून दुखावण्याचा हक्क मिळतो, हे मला पटत नाही. घरांतही हा युक्तिवाद आपण पुष्कळ ऐकलेला आहे.

बी.एड. करताना आम्ही सराव पाठ घेतले. चाळीस मुले समोर बसवून आम्ही शिकवायला शिकत होतो. नवशिक्या डॉक्टरही अखेर जिवंत माणसावरच हात बसवतो. म्हणजे जिवंत पाटी प्रत्येक वेळी गैर ठरत नाही. फरक हा की त्या वर्गाच्या पदरात काही तरी पडते, आणि मागे एक जाणते प्राध्यापक वही घेऊन बसलेले असतात. सोडून देण्यासाठी धरलेल्या माशाच्या पदरात काय पडते?

म्हणून मला वाटते की रेघ नियतमध्ये आहे आणि ती बूच पाण्यात पडण्याआधी ओढायची आहे. पर कापलेला मासा घरी नेऊन खाण्यासाठी जो गळ टाकतो, त्याचा इरादा साफ आहे. त्याच्या गळाला जंगली मासा लागला तर तो सोडणे हे खरोखरच सोडणे आहे. अशा माणसासाठी बुचाचा हुनर शिकणे ही हौस राहत नाही. जबह करताना सुरीला धार लावा, जनावराला आराम द्या, असा जो हुक्म आहे, त्याच जातीची ती जबाबदारी आहे. उलटा काटा दाबून सपाट केलेला गळ, वेळेवर उचललेली काठी, माशाला फार न दमवणे, हे सारे त्यात आले. आणि जो नदीत सगळे जंगलीच मासे आहेत हे जाणून गळ टाकतो, त्याला सराव हवा असेल तर तो गळाशिवायही करता येतो. बूच कसे वाहते हे शिकायला टोक लागत नाही. काही जण गळाचे टोक कापूनच टाकतात. मासा आमिष ओढतो, बूच बुडते, माणसाला कळते, मासा निघून जातो.

यात पळवाट आहे, हेही खरे. सूरह आराफमधील सब्तवाल्यांना शनिवारी मासे धरायला मनाई होती आणि मासे नेमके शनिवारीच वर येत. मुफस्सिर सांगतात की त्यांनी जाळी शुक्रवारी लावली आणि रविवारी उचलली. हात शनिवारी पाण्याला लागला नाही, नियम शाबूत राहिला. तसेच कुणीही म्हणू शकतो की मी पर कापलेल्या माशासाठीच उभा आहे, आणि दिवसभरात दहा जंगली मासे धरून सोडू शकतो. ब्रिटिश कोलंबियाचा वनरक्षक त्याचा परवाना पाहील, गळाचा काटा बोटाने चाचपून पाहील. तो कशासाठी उभा आहे, हे त्याला परवान्यावरून कळणार नाही.